‘एआयने ९२ टक्के दाखवलं, बेअरिंग बदला’: हा सल्ला का चुकतो

मशीनच्या कंपावरून बिघाड ओळखणाऱ्या एआयबद्दल मेंटेनन्सवाल्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: “एआयने ९२ टक्के बेअरिंग फॉल्ट दाखवला की मशीन थांबवा, बेअरिंग बदला. अलर्ट नसेल तर निश्चिंत राहा. स्पेक्ट्रम (कंपाचा फ्रिक्वेन्सीनुसार आलेख) बघत बसायचे दिवस गेले.” हे ऐकून काम केलं तर नुकसान होईल.

“९२ टक्के म्हणजे बिघाड जवळपास नक्की.” बऱ्याच मॉडेलमध्ये हा आकडा म्हणजे शिकवलेल्या नमुन्यांशी किती जुळतं याचा स्कोअर असतो. प्रत्यक्ष बिघाडांशी तो ताडून पाहिलेला नसेल तर त्याला शक्यता म्हणता येत नाही. त्यात बिघाड मुळात कमीच. समजा १००० मशीनपैकी १० खराब आहेत. मॉडेल खराब मशीनपैकी ९० टक्के पकडतं आणि चांगल्यांपैकी ५ टक्क्यांवर चुकून अलर्ट देतं. म्हणजे ९ खरे अलर्ट आणि जवळपास ५० खोटे. दर वेळी बेअरिंग काढत गेलात तर चांगला माल भंगारात जाईलच, शिवाय शाफ्टवर बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलं गेलं तर बॉलचे वळ रेसवर (रिंगमधल्या बॉल फिरण्याच्या खाचेवर) उमटतात आणि खोट्या अलर्टचा खरा फॉल्ट होतो.

“फॉल्टचं नाव एआयच सांगतं.” त्याला शिकवलेल्या नावांपैकी सर्वांत जवळचं नाव ते सांगतं. पडताळणी आपल्याकडेच राहते. ६२०५ नंबरचं बेअरिंग १४८० आरपीएमवर फिरत असेल तर शाफ्टची फ्रिक्वेन्सी २४.७ हर्ट्झ. बाहेरच्या रेसचा फॉल्ट सुमारे ८८ हर्ट्झवर दिसायला हवा. आतल्या रेसचा सुमारे १३४ वर, आणि बहुधा दोन्ही बाजूंना २४.७ च्या अंतराने साइडबँड, म्हणजे छोटी शिखरं. एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये (बेअरिंगमधले वारंवार बसणारे ठोके दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) यातलं काहीच नाही आणि नुसते १ एक्स, २ एक्स (शाफ्टच्या फ्रिक्वेन्सीची एक पट, दुप्पट) वाढलेत? मग आधी अलाइनमेंट (शाफ्ट एका रेषेत आहेत का) आणि सॉफ्ट फूट (मशीनचा एखादा पाय नीट टेकलेला नाही का) तपासा.

५० हर्ट्झवर चालणाऱ्या दोन पोलच्या मोटरमध्ये तर फारच जपायला हवं. २९८० आरपीएमला २ एक्स येतो ९९.३ हर्ट्झवर, आणि इलेक्ट्रिकल कंप १०० वर. रिझोल्यूशन (स्पेक्ट्रममधल्या दोन लाइनमधलं अंतर) १ हर्ट्झ असेल तर दोन्ही एकच शिखर दिसतात. ४०० हर्ट्झच्या रेंजला ३२०० लाइन घ्या, म्हणजे वेगळे होतील. सप्लाय तोडल्याक्षणी कंप पडला तर कारण इलेक्ट्रिकल, वेगाबरोबर हळूहळू उतरला तर मेकॅनिकल.

“अलर्ट नाही म्हणजे मशीन ठणठणीत.” सेन्सरचा मॅग्नेट रंगावर किंवा धुळीवर बसला असेल तर हाय फ्रिक्वेन्सी मरते, आणि बेअरिंगची पहिली खूण नेमकी तिथेच असते. व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने) वेग बदलला की जुना बेसलाइनही (तुलनेसाठी आधी घेतलेलं रीडिंग) लागू होत नाही.

“१८ दिवस उरलेत, असं एआय सांगतं.” कोणत्या लोडवर, अधिक-उणे किती, हे सोबत नसेल तर त्या आकड्यावर शटडाउन ठरवू नका. त्याच वेगाला, त्याच लोडवर पुन्हा रीडिंग घ्या आणि ट्रेंड चढतोय का ते बघा.

बेअरिंग काढलंच तर कापून रेस बघा, फोटो काढा आणि सापडलेलं कारण त्या अलर्टसमोर नोंदवा. खोटा निघाला तर तसंही लिहा. पुढच्या वेळी मॉडेल सुधारायला हीच नोंद लागते.