एससीपी अडकलंय? मग हे करून बघाच

डेटाबेसचा चार जीबीचा डंप (सगळा डेटा एका फाईलमध्ये) एससीपीने, म्हणजे फाईल दुसऱ्या मशीनवर पाठवायच्या कमांडने, सर्व्हरवर चढवायचाय, रात्रीचे अकरा वाजलेत, आणि टर्मिनलवर ‘स्टॉल्ड’ हा शब्द ठाण मांडून बसलाय. आधी त्याच्याकडे नुसतं टक लावून बघा. दोन एमबी गेलेले दिसतात ना? ते बहुधा तुमच्याच मशीनच्या बफरमध्ये पडून आहेत, पण हे मनाला लावून घेऊ नका.

मग राउटर बंद-चालू करा. मध्ये तीस सेकंद थांबा. तीसच का, हे विचारायचं नसतं. तरीही हललं नाही, तर एससीपी सोडून एसएफटीपी (फाईल पाठवायची दुसरी पद्धत) वापरा. ही दोन्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये येतात, त्या ओपनएसएसएचच्या २०२२ च्या ९.० आवृत्तीपासून एससीपी आतून एसएफटीपीच बोलतं, पण जागा बदलली की झोप लागते म्हणतात. नाहीतर एससीपीच्या वेगाला लगाम घाला, कमांडला जोडा: -एल ८१९२. हा आकडा किलोबिटमध्ये असतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक एमबी. अडलेलं पॅकेट (फाईलचे तुकडे करून पाठवतात, त्यातला एक; आपण पाकीटच म्हणू) सावकाश पाठवलं तरी तेवढंच मोठं राहतं, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

लॉगिन होतं, एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) चालतं, छोटी कॉन्फिग फाईल निमूट जाते. मोठी फाईल टाकली की दातखीळ. हे लक्षण नेटवर्कवाल्यासमोर चुकूनही उच्चारू नका. तो लगेच एमटीयू, म्हणजे वाटेत मावणाऱ्या पाकिटाची कमाल साइज, हा विषय काढेल. म्हणे इथरनेटवर पाकीट १५०० बाइटचं, पीपीपीओईच्या (ब्रॉडबँड जोडणीची एक पद्धत) वाटेवर १४९२ चं, व्हीपीएनच्या बोगद्यात त्याहून बारीक. वाटेतल्या राउटरने ‘बाबा रे, मावत नाही, लहान करून पाठव’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत) निरोप मागे धाडायचा असतो. १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ही सोय लिहून ठेवलीय.

तुमच्याकडे मात्र सुरक्षेसाठी आयसीएमपी सरसकट बंद केलंय ना? शाब्बास! पिंग (‘आहेस का?’ अशी आयसीएमपीची हाक) आलं म्हणजे हॅकर आलाच. निरोप्याला वेशीवरच गाडला की पाठवणारा तेच धिप्पाड पाकीट पुन्हा पुन्हा ढकलत बसतो, पलीकडे काही पोचत नाही, आणि फायरवॉलचा डॅशबोर्ड हिरवागार. पाकीट कितीपर्यंत मावतं हे पिंगने मोजावं, तर पिंगही बंद. दुहेरी सुरक्षा!

एखादा आगाऊ ज्युनिअर गुपचूप आपल्या इंटरफेसचा एमटीयू १४०० करेल आणि फाईल पाठवून मोकळा होईल. त्याला वेळीच आवरा. एका ओळीत काम झालं, तर उद्याच्या तीन टीमच्या कॉलवर बोलायचं काय? तिकीट टाका, ‘नेटवर्क स्लो’ एवढंच लिहा, प्रायॉरिटी पी-वन. पलीकडचे ‘आमच्या बाजूने सगळं ठीक आहे’ म्हणून ते बंद करतील. तुम्ही पुन्हा उघडा.

तोवर डंप पेन ड्राइव्हवर घ्या. डेटा सेंटर ऐरोलीला असेल, तर सकाळी ठाण्याहून वाशी लोकल पकडा. त्या गर्दीत पाकीट मारलं जाईल, पण अडकणार नाही.