राबायला आम्ही, मताला ते

पुन्हा तेच! स्वयंसेवकांच्या एका सॉफ्टवेअर प्रकल्पाचं भाषांतर आम्ही फुकट करतो. मजकूर गोठवायची तारीख, म्हणजे ज्यानंतर पडद्यावरचे शब्द बदलायचे नसतात ती, उलटून गेल्यावर कुणीतरी सेटिंग्जचा अख्खा मेनू बदलतो आणि आम्हाला निरोप येतो, 'रविवारपर्यंत मराठी झालं पाहिजे.' का? पगारी आहोत का आम्ही? बेळगावात टिळकवाडीत बसून मी मराठीचं बघतो, शहापूरचा माझा मित्र कन्नडचं. सीमाप्रश्नावर आमचं दोघांचं जन्मात जुळायचं नाही, पण या प्रकल्पाला शिव्या घालताना अगदी एकमत!

बैठक यूटीसी १७:०० ला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. त्यात लाईट गेली की राउटर बंद. लाईट असली तरी सगळं फाडफाड इंग्रजीत. आपण हात वर करेपर्यंत विषय मंजूर. आणि मतदानाचा हक्क? तो फक्त कोड लिहिणाऱ्यांना.

भाषांतरवाल्यांना मताचा हक्क देणं कुठेच जमत नाही म्हणावं, तर डेबियन बघा. १९९३ पासूनचा, संगणक चालवणाऱ्या मुक्त प्रणालीचा प्रकल्प, दरवर्षी मतदानानं नेता निवडतात. २०१० साली रीतसर ठराव करून त्यांनी कोड न लिहिणाऱ्यांनाही सदस्य करून घेतलं, भाषांतरवालेसुद्धा त्यात आले. मताच्या हक्कासकट, बरं का.

आमच्याकडे लेखी नियम मागितले की उत्तर ठरलेलं: 'अहो, आपण सगळे एक कुटुंबच ना!' कुटुंबच ते. थोरल्या सुनेनं राबायचं आणि निर्णय ओसरीवर.

'एन माडोदु?' मित्र विचारतो. काय करायचं म्हणजे? या रविवारी काहीच करायचं नाही. राहू दे त्यांचा मेनू इंग्रजीतच.