वहीत रोज अकराच कशा?

गेल्या पाडव्याला नेम धरला होता: रोज ११ माळा. त्रयोदशाक्षरी मंत्र, 'श्रीराम जय राम जय जय राम'. दोनशेपानी वही, त्यात तारीख आणि माळा, बस्स. वर्ष भरल्यावर वही काढून मोठ्या ऐटीत बायकोला दाखवली. एकही दिवस चुकला नाही! तिने चष्मा लावला, आषाढातली पानं उलटली आणि म्हणाली, "अहो, तेव्हा तुम्हाला डेंग्यू झाला होता ना? सलाईन लावलेल्या हाताने अकरा?"

मग मीच नीट पाहिलं. चार-चार दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत उरकलेल्या. प्रवासभत्त्याच्या बिलात खोटं लिहिलं तर निदान दोन पैसे तरी सुटतात. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणारसुद्धा नव्हतं!

आम्हा नाशिककरांचं असंच आहे म्हणा. रामकुंड दारात, त्यामुळे ते पाहुणे आले तरच दिसतं. सिंहस्थ जवळ आलाय, तर आमच्या कट्ट्यावर चर्चा पार्किंगची.

रविवारी टाकळीच्या मठात गेलो. नंदिनी-गोदावरीच्या संगमावर समर्थांनी १२ वर्षं राहून याच मंत्राचा १३ कोटी जप केला, असं परंपरा सांगते. तिथे गोमय मारुतीसमोर बसून मी काय केलं असेल? मोबाइल काढून भागाकार. दिवसाला साधारण ३०,००० जप, म्हणजे पावणेतीनशे माळा. आलो होतो खोटे आकडे पचवायला आणि पुन्हा आकडाच मोजत बसलो. बाहेर आल्यावर आठवलं, की सकाळी नदीत उभं राहून जप झाला की दुपारी समर्थ पंचवटीत माधुकरी मागायला जात. रोज दुसऱ्याच्या उंबऱ्यावर झोळी घेऊन उभं राहायचं म्हटल्यावर जपाचा तोरा चढणार कुठून? माझी झोळी कुठली, तर फेसबुकवर टाकलेला माळेचा फोटो. त्याला १४२ लाइक होते. काढून टाकलाय.

आता नियम बदललाय. झोपायच्या आधी, त्याच दिवशी लिहायचं. तीन तर तीन, शून्य तर शून्य. शिवाय एक नवा रकाना आखलाय, 'मन कुठे होतं'. माझ्या मते खरा नेम हाच, अकरा माळांपेक्षा जड. माळ ओढता ओढता बोटांना सवय होते, या रकान्याची काही केल्या होत नाही. पहिल्या आठवड्यात लाइटबिल, मुलीची फी, खालच्या मजल्यावरचा गळका नळ, असं किरकोळ निघालं. दुसऱ्या आठवड्यापासून एकच शब्द यायला लागला: दादा.

निफाडकडच्या मळ्यातल्या बांधावरून दादाशी तीन वर्षं बोलणं नाही. चूक त्याची, असं मी सगळ्यांना सांगत आलो. रकान्यात ते वाक्य लिहायला घेतलं, तर दोनदा खोडलं.

काल सहा माळा झाल्या. रकान्यात पुन्हा दादा. फोन अजून केलेला नाही.