ताळेबंद वाचता येतो, पाण्याचं काय?

संचालक मंडळावर पर्यावरण जाणणारं कुणी असलं की कंपनीची माहिती अधिक खरी येते, हा एका लेखात वाचलेला मुद्दा अगदी पटला. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार लेखापरीक्षण समितीतल्या बहुसंख्य सदस्यांना आर्थिक पत्रकं वाचता यावी लागतात. पर्यावरणासाठी तशी अटच नाही! शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबाबतच्या जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, हे चांगलंच झालं. भागधारक म्हणून मी तो वाचते. पाण्याचा एकूण उपसा किलोलिटरमध्ये दिलेला असतो. एका कंपनीच्या अहवालात त्यातला टंचाईच्या भागातून किती, याचा रकाना पुढे होता आणि तिथे नुसतं ‘लागू नाही’. मंडळात एखादा जलतज्ज्ञ असता तर त्याने सही करण्याआधी विचारलं असतं, बोअरवेल नेमक्या कुठल्या तालुक्यात आहेत?