जिनिव्हाचं बोलणं सेटलमेंटपर्यंत पोचायला हवं

ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क परिषदेवर भारत पुन्हा निवडून आला आणि सोलापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. काकांना अभिमान वाटला. मावसभावाने लिहिलं, "काय बे, त्याच यादीत पाकिस्तानपण आहे की! कशाला पाहिजे असली परिषद? आणि जिनिव्हात बसून आपल्याला शिकवणारे हे कोण?"

मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो, विंटरथूरला. मावसभावाचा दुसरा प्रश्न इथेही जोरात विचारला जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी त्याच्या पहिल्या मुद्द्याबद्दल. तो बरोबर आहे. त्या वर्षी परिषदेच्या १४ जागा भरायच्या होत्या आणि उमेदवारही १४च होते. प्रत्येक प्रादेशिक गटाने आपसात ठरवून जागा आहेत तेवढीच नावं दिली. पाश्चिमात्य देशांच्या गटानेही तेच केलं, हे इथल्या लोकांना सांगावं लागतं. जुना मानवी हक्क आयोग बदनाम झाला होता (२००३ मध्ये त्याचं अध्यक्षपद लिबियाकडे होतं), म्हणून २००६ मध्ये तो मोडून ४७ सदस्यांची ही परिषद उभी केली. सदस्यांची निवड आमसभेत गुप्त मतदानाने होते. खरी लढत झाली की या मतदानाला धार येते. २०२३ मध्ये पूर्व युरोपच्या दोन जागांसाठी तीन देश उभे राहिले आणि रशिया हरला. प्रत्येक गटाने जागांपेक्षा जास्त उमेदवार दिलेच पाहिजेत, एवढा एक नियम झाला तरी पुष्कळ साधेल.

पण सुधारणेची सगळी चर्चा खुर्चीवर कोण बसतो याभोवतीच फिरते. माझं म्हणणं वेगळं आहे. अन्याय झालेल्या माणसाला तिथे दाद मागता येते का, आणि तिथे जे ठरतं त्याचा पाठपुरावा कोण करतं, हे आधी बघायला हवं.

यासाठी सोलापूरचंच उदाहरण घेतो. शहरातली सेटलमेंट, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची कुंपणबंद वसाहत, सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशी किती कुटुंबं! हजेरीशिवाय हलता येत नसे. त्यांच्यातल्या अनेकांनी आपल्या गिरण्यांत घाम गाळला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि माणसं विमुक्त झाली. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांचा संशय त्याच वस्त्यांवर राहिला. चोरी कुठेही होवो, पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ मध्ये मान्यता दिली. त्यावर देखरेख ठेवणारी समिती जिनिव्हात बसते. २००७ मध्ये तिने भारताचा अहवाल तपासला आणि भटक्या-विमुक्तांना कलंक लावणारा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा, अशी स्पष्ट शिफारस केली. आपल्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचं मत त्याआधीपासून तेच होतं. पुढे काय झालं? भारताने त्या समितीकडे पुढचा अहवालच दिला नाही. त्यासाठीची मुदत २०१० मध्येच संपली. समितीला कुणावर सक्ती करण्याचा अधिकार नाही. एखाद्या पारधी बाईला थेट या समितीकडे तक्रार करायची तर त्यासाठी देशाने वेगळी संमती द्यावी लागते, ती भारताने दिलेली नाही. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुरुंगांतल्या जातिभेदाच्या खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यांच्या वापरावर बोट ठेवलं. मधली सतरा वर्षं तशीच गेली. सेटलमेंटमधल्या किती लोकांना ठाऊक असेल की आपल्याबद्दल जिनिव्हात कुणी बोललं होतं?

आता इकडचं सांगतो. युरोपातल्या बहुतेक देशांत माणसाला आपल्या देशातले न्यायालयीन मार्ग संपल्यावर स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात स्वतः जाता येतं. 'परके न्यायाधीश आमच्यावर कशाला?' हा इथला जुना राजकीय नारा. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्विस राज्यघटना आंतरराष्ट्रीय करारांच्या वर ठेवावी यावर सार्वमत झालं आणि सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी नकार दिला. ज्या देशात संघीय निवडणुकीत बायकांना मत मिळायला १९७१ उजाडलं, तिथल्या लोकांनी बाहेरचा आरसा ठेवून घेतला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हवामानबदलाच्या खटल्यात वृद्ध स्विस महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा इथली संसद चिडली. आम्ही पुरेसं केलं आहे, असा ठराव तिने केला. तरी विषय संपला नाही. निकालाच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारी युरोपीय समिती मार्च २०२५ मध्ये पुन्हा विचारणा करतीच झाली.

श्रीमंत, नीटनेटक्या देशालासुद्धा बाहेरून विचारणारा कुणीतरी लागतो. आशियात असं न्यायालय नाही. दक्षिण आशियात तर सरकारांचा साधा मानवी हक्क आयोगही नाही. म्हणून आपल्यासाठी जिनिव्हा अधिक महत्त्वाची आहे, आणि तिची दुरुस्तीही आपल्यालाच जास्त गरजेची आहे.

"हे कोण शिकवणारे?" यातला राग मला कळतो. जगाला धडे देणारी अमेरिका २०१८ मध्ये परिषद सोडून गेली, नंतर परतली, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडली. पण हे हक्क आपल्याला कुणी बाहेरून दिलेले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष'ऐवजी 'सर्व मानव' असा बदल भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी करून घेतला. आणि १९३० मध्ये मार्शल लॉ सोसलेल्या, चार हुतात्मे दिलेल्या शहराला, सत्तेला बाहेरून जाब विचारणारं कुणी नसलं की काय होतं, हे मी काय सांगणार?

भारत आता २०२८ पर्यंत परिषदेवर आहे. त्या जागेचा मान राखायचा तर रखडलेला अहवाल आधी पाठवावा, छळाविरुद्धच्या ज्या करारावर १९९७ मध्ये सही केली त्याला औपचारिक मान्यता द्यावी, आणि जिनिव्हात आलेली प्रत्येक शिफारस मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत छापून विधानसभेच्या पटलावर ठेवावी, सरकारने काय केलं त्याच्या उत्तरासह. मावसभावाला मी एवढंच लिहिलं आहे: येत्या ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाच्या कार्यक्रमाला आमदार येतील, तेव्हा २००७च्या त्या शिफारशीचं काय झालं हे त्यांना सगळ्यांसमोर विचार.