‘एक वाचलं की सगळी वाचली’? मॉर्मन सवतींच्या पुस्तकांबद्दल

मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या बहुपत्नीक घरांतल्या बायकांच्या पुस्तकांचा विषय निघाला की एक शेरा ठरलेला: ‘एक वाचलं की सगळी वाचली.’ मॉर्मन म्हणजे अनेक बायका करणारे, लिहिणाऱ्या सगळ्या पळून आलेल्या, मागे राहिलेल्या मुक्या. आणि वर, सज्ञान बायकांनी राजीखुशीने केलेल्या लग्नांत आपण नाक का खुपसावं? हा शेरा ऐकून लोक ही पुस्तकं हातातच घेत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली समजूत तारखाच खोडून काढतात. सॉल्ट लेक सिटीच्या मुख्य चर्चने ही प्रथा १८५२ मध्ये उघडपणे मान्य केली, १८९० मध्ये ती सोडत असल्याचं जाहीर केलं आणि १९०४ पासून अशी नवी लग्नं करणाऱ्यांना बहिष्कृत करण्याची भूमिका घेतली. आज अशी घरं आहेत ती फुटून निघालेल्या गटांत.

‘सगळ्या पळालेल्या’ हेही खोटं. अ‍ॅन एलायझा यंगने आपला नवरा आणि चर्चचा तेव्हाचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याच्याशी काडीमोड मागितला आणि गावोगाव या प्रथेविरुद्ध व्याख्यानं दिली, हे खरं. पण अ‍ॅनी क्लार्क टॅनरचं आत्मचरित्र बघा. ती दुसऱ्या बायकोची मुलगी, आणि ईश्वराची आज्ञा मानूनच १८८३ मध्ये स्वतः दुसरी बायको झाली. लग्नाच्या संध्याकाळी ती माहेरीच होती, जेवायला दूध-पाव. तिला वाटलं, हेच आपलं लग्नाचं जेवण. पुढे बहुपत्नीत्वाविरुद्धच्या सरकारी धरपकडीमुळे घरं बदलत लपून राहणं आलं, आणि मुलांचा भार बराचसा तिच्या एकटीवर पडला. हे सगळं ती आक्रस्ताळेपणा न करता सांगते, म्हणून ते जास्त लागतं.

आणि मुक्या? युटा या मॉर्मनबहुल अमेरिकी प्रांतातल्या बायकांना १८७० मध्येच मताधिकार मिळाला होता. अमेरिकी काँग्रेसने १८८७ मध्ये तो काढून घेतला, तोही बहुपत्नीत्व मोडण्याच्या कायद्यातून. डॉ. मार्था ह्यूज कॅनन ही चौथी बायको. १८९६ मध्ये राज्याच्या सिनेटसाठी ती उभी राहिली, त्याच निवडणुकीत नवराही उमेदवार होता, आणि निवडून आली ती. एमेलिन वेल्स तर अनेक वर्षं बायकांचं नियतकालिक चालवून या प्रथेची जाहीर बाजू घेत होती. तिच्या खासगी डायऱ्या मात्र एकटेपणाने भरलेल्या आहेत; नवरा येईल म्हणून वाट पाहणं, तो न येणं. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाचन हेच. चव्हाट्यावरचं समर्थन आणि उंबऱ्याच्या आतलं दुःख, दोन्ही एकाच बाईच्या हातचं. यातलं एक खरं आणि दुसरं ढोंग, असं मला तरी म्हणवत नाही.

उरली ‘राजीखुशी’. हेलन मार किंबॉलचं पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्याशी लग्न झालं तेव्हा तिला पंधरावं वर्षही पुरं झालं नव्हतं, हे चर्चनेच २०१४ मध्ये मान्य केलं. फुटीर गटाचा पुढारी वॉरन जेफ्स याला टेक्सासमध्ये २०११ मध्ये जन्मठेप झाली, ती १२ आणि १५ वर्षांच्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी. त्यांना तो पत्नी म्हणवत होता. याच जेफ्सची कोणा पुरुषावर खप्पा मर्जी झाली की तो त्याला गटातून हाकलायचा आणि त्याच्या बायका, मुलं दुसऱ्या पुरुषाच्या पदरी घालायचा.