शेगडी की तवा?

२०१७ पासून आमच्या इंदूरला स्वच्छतेत पहिले येण्याची सवय लागली आहे, त्यामुळे घरात काही गंजले तर शहराशी द्रोह केल्यासारखे वाटते. म्हणूनच ओट्यावरच्या विजेच्या शेगडीची बिडाची तबकडी गंजली, तेव्हा पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून मी तिच्यावर परात पालथी घातली. खाली कोंडलेल्या दमटपणाने गंज अधिकच फोफावला.

मूळ अपराधही माझाच होता. इंदुरी पोहे वाफेवर गरम ठेवायचे असतात, या अभिमानापोटी मी रोज पाण्याने निथळणारे पातेले तसेच तबकडीवर ठेवत असे आणि भाताची खारट पेज उतू गेली तर ‘थंड झाल्यावर पुसू’ म्हणून विसरत असे. लोखंड, पाणी आणि हवा यांची सोयरीक एरवीही जुळतेच. मिठाने मध्यस्थी केली की मुहूर्तही लवकर निघतो.

मी लिंबू चोळले. गंज खरोखरच निघाला. करडे, स्वच्छ बीड पाहून मी कृतार्थ झालो आणि ओले फडके फिरवून झोपलो. आंबटाने सोललेल्या बिडावर ओल राहिली की ते दुप्पट उत्साहाने गंजते, हे सकाळी सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या जिलबीचा रंग धारण केलेल्या तबकडीने मला समजावले.

आईने चष्मा कपाळावर सरकवून तबकडीवर बोट फिरवले. “अरे, हा तर धिरड्यांचा तवा! याला कोणी ओला ठेवतं का?”

“आई, हे विजेचं उपकरण आहे.”

“वायर लावली म्हणून बीड बदलतं का?”

तिच्या देखरेखीखाली मी प्लग काढून थंड तबकडी कोरड्या तारेच्या घासणीने घासली, पुसली आणि मग चार मिनिटे नुसतीच तापवून सुकवली. ती कोमट झाल्यावर जवसाचे तेल लावायचे होते. थेंबभर तेल पुरते, आणि तेही लावलेच नव्हते अशा बेताने पुसून काढायचे असते. मी उदारपणे चमचाभर ओतले. पुन्हा तापवताच इतका धूर झाला की शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या, आणि तबकडीवर जो चिकट थर बसला त्याला फडक्याचे धागे कायमचे चिकटले. दुसऱ्या दिवशी सगळे खरवडून, खरोखर थेंबभर तेलात, तबकडी काळीभोर झाली.

आता रोज रात्री ती पुसून मी दोन मिनिटे रिकामीच तापवतो. “अहो, शेगडी चालू राहिली,” असे सौभाग्यवती रोज तितक्याच काळजीने सांगतात.

काल मात्र आई पीठ कालवून ओट्याशी आली. “तवा इतका छान तयार झालाय, मग वर दुसरा तवा कशाला?” म्हणत तिने पळी उचलली, आणि मी धावत जाऊन प्लग काढला.